ओझे कोणाचे, वाट कोणाची? : बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चे पुनर्वाचन

जॉन बन्यनचा 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' आपल्याकडे दोनच ठिकाणी भेटतो. एक, चर्चच्या पुस्तकविक्रीच्या टेबलावर. आणि दुसरे, इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासाच्या पेपरात, पाच गुणांच्या टीपेत. पहिल्या ठिकाणी तो मुक्तीचा नकाशा असतो. दुसऱ्या ठिकाणी 'कादंबरीपूर्व गद्यरूपक' असे लेबल चिकटवलेली ती एक मृत वस्तू असते. दलित वाचकाने या ग्रंथाकडे वळावे असे या दोन्ही ठिकाणी कोणाला वाटत नाही. वरवर पाहता त्यात चूकही नाही. ज्या वाङ्मयाने पाप, प्रारब्ध, स्वर्ग, नरक या शब्दांशी उभा दावा मांडला, त्या वाङ्मयाच्या वाचकाने स्वर्गाच्या वाटेला लागलेल्या एका पापभीरू माणसाच्या गोष्टीत काय शोधावे?

माझे म्हणणे असे आहे की, शोधण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र ते हाती लागायचे असेल तर या ग्रंथाशी एका मूलभूत मुद्द्यावर भांडण केले पाहिजे, आणि ते भांडण मिटवून टाकण्याची घाई करता कामा नये.

प्रथम लेखकाविषयी. बन्यन १६२८ साली इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळच्या एल्स्टो या खेड्यात जन्मला. बाप भांडी दुरुस्त करणारा. फुटक्या किटल्या सांधत, पातेल्यांना ठिगळे मारत गावोगाव हिंडणारा. मुलगाही तोच धंदा शिकला. घराण्याकडे पूर्वी कधी थोडी जमीन होती, ती पिढ्यान्‌पिढ्या हातची गेली होती. आपल्या बापाचे घर देशातल्या अत्यंत हलक्या आणि तिरस्कृत दर्जाच्या घरांपैकी होते, असे बन्यनने १६६६ सालच्या आपल्या आत्मकथनात स्वतःच नोंदवले आहे. त्याची ऐरण आजही बेडफर्डच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. ती पाठीवर घेऊन जो माणूस कोसच्या कोस चालला, त्याच्या नायकाच्या पाठीवर ओझे असावे यात नवल काय? अनेक अभ्यासकांनी हा संबंध दाखवला आहे, आणि तो मला धर्मशास्त्रीय स्पष्टीकरणांपेक्षा अधिक पटतो.

येथे एक सावधगिरी. इंग्लंडमधला भांडीवाला आणि आपल्याकडचा अस्पृश्य यांना एका ओळीत बसवण्याचा सोपा मोह टाळला पाहिजे. भांडीवाल्याने सांधलेल्या किटलीत उमरावाचा चहा उकळत असे. त्याच्या सावलीने कोणी बाटत नव्हते. दारिद्र्य आणि हीनत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु एक ठिकाण असे आहे की, जेथे त्याची गोष्ट आपल्या गोष्टीच्या अगदी जवळून जाते. ते ठिकाण म्हणजे न्यायालय.

१६६० साली इंग्लंडात राजेशाही परतली आणि त्याच नोव्हेंबरात बन्यनला पकडण्यात आले. गुन्हा कोणता? परवान्याशिवाय प्रवचन करणे. पकडणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याला जे सुनावले त्याचा मथितार्थ असा : तू तुझा धंदा सांभाळ, बाकीच्या भानगडीत पडू नकोस. म्हणजे ज्याचे काम त्याने करावे. भांडी सांधणाऱ्याने भांडीच सांधावीत, धर्माचा अर्थ सांगण्यासाठी विद्यापीठातून आलेले लोक आहेत. ही भाषा आपल्या ओळखीची नाही काय? स्वधर्माचे हेच तत्त्वज्ञान शंबूकाला ऐकवण्यात आले होते. त्याच्यासाठी तुरुंगाचीही गरज पडली नाही. बन्यनला मात्र सवलत होती. प्रवचन करणार नाही असे एक वाक्य लिहून दे आणि घरी जा. ते वाक्य त्याने दिले नाही, आणि त्यापायी १६७२ पर्यंत, सुमारे बारा वर्षे, तो बेडफर्डच्या तुरुंगात राहिला. तेथे तो बुटांच्या नाड्यांना धातूची टोके बसवून विकत असे आणि त्यावर घर चालवायला हातभार लावीत असे. घरी चार लहान मुले होती, त्यांतली थोरली मुलगी आंधळी.

याच काळातली त्याची बायको एलिझाबेथ हिची हकिकत बन्यनच्या चरित्रात तळटीपेसारखी दिली जाते. मला ती तळटीप वाटत नाही. ही त्याची दुसरी बायको, मुले सावत्र. नवऱ्याच्या अटकेच्या धक्क्याने तिचे दिवस भरण्याआधीच बाळंतपण झाले आणि मूल गेले. १६६१ साली ती बेडफर्डमध्ये न्यायाधीशांसमोर उभी राहिली. तिचा मुद्दा सरळ होता. नवरा भांडीवाला आहे, गरीब आहे, म्हणून त्याला तुच्छ लेखले जाते आणि म्हणूनच त्याला न्याय मिळत नाही. नवरा प्रवचन सोडील काय, असे विचारल्यावर, बोलता येते आहे तोवर तो सोडणार नाही, असे तिने सांगितले. कायद्याच्या चर्चेला तिने सरळ वर्गाच्या चर्चेवर आणून ठेवले. न्यायाधीशांत सर मॅथ्यू हेल यांच्यासारखा नामवंत कायदेपंडित होता. त्याला थोडी दया आली म्हणतात, पण दयेने तुरुंगाचे दार उघडले नाही. बन्यनच्या ग्रंथात न्यायालयाचे जे दृश्य आहे ते वाचताना एलिझाबेथचे हे बोलणे कानाशी ठेवावे.

ग्रंथाचा पहिला भाग १६७८ साली आला, दुसरा १६८४ साली. गोष्ट सर्वांना ढोबळपणे ठाऊक असते. ख्रिश्चन नावाचा माणूस नाशनगरात राहतो. हातात पुस्तक आहे, पाठीवर ओझे आहे. हे नगर जळून जाणार असे त्याला कळते आणि तो निघतो. निराशेची दलदल, डोंगर, दऱ्या, राक्षस, बाजार, किल्ला आणि शेवटी नदी ओलांडून दिव्यनगर. (नावांची ही मराठी रूपे माझी, कामापुरती केलेली आहेत.)

आता भांडणाचा मुद्दा. पाठीवरचे हे ओझे कसले? बन्यनचे उत्तर स्पष्ट आहे : ते त्याच्या स्वतःच्या पापाचे ओझे आहे. त्याला कोणी ते दिलेले नाही. तो ते घेऊनच जन्मला आहे. येथे दलित वाचकाने थांबलेच पाहिजे. कारण हा युक्तिवाद आपल्या ऐकण्यात आहे. नाव बदला, कर्मविपाक म्हणा, प्रारब्ध म्हणा. तू भोगतोस ते तुझेच आहे, हे वाक्य हजारो वर्षे गावकुसाबाहेर ऐकवले गेले, आणि आमच्याच माणसांनी ते मान खाली घालून ऐकले. ओझे लादणारा माणूस नाहीसा करायचा असेल तर यापेक्षा सोपा उपाय नाही. बाबासाहेबांनी जे अनेक दोर कापले त्यांत हा पहिला दोर होता. तेव्हा बन्यनच्या ओझ्यापुढे हात जोडून उभे राहणे आपल्याला शक्य नाही. ते ओझे क्रुसापाशी आपोआप सुटून घरंगळत जाते, हे दृश्य इंग्रजी वाचकाला कितीही हृद्य वाटो, मला ते या ग्रंथातले सर्वांत दुबळे दृश्य वाटते. दोन वाक्यांत ओझे गळते आणि ज्याने आयुष्यभर वाहिले त्याला ते कोठून आले हे शेवटपर्यंत कळत नाही.

परंतु मोठ्या ग्रंथांचे एक वैशिष्ट्य असते. लेखकाचा सिद्धांत एक सांगतो आणि त्याचा अनुभव दुसरेच बोलून जातो. बन्यनचा सिद्धांत म्हणतो, ओझे तुझे. त्याचा अनुभव मात्र पानोपानी दाखवतो की वाटेत उभे असलेले अडथळे हे माणसांनी घातलेले आहेत आणि त्या माणसांना नावे आहेत, पदव्या आहेत, जमिनी आहेत. 'पोकळ दिमाखाची जत्रा' हे प्रकरण पाहा. या जत्रेत घरे, जमिनी, मानमरातब, पदव्या, बायका, नवरे, राज्ये, सारे विकायला आहे. ख्रिश्चन आणि त्याचा सोबती विश्वासू तेथून जातात. त्यांचे कपडे वेगळे, बोली वेगळी, आणि मुख्य म्हणजे ते काही विकत घेत नाहीत. एवढ्यावरून दंगल होते. त्यांना धरतात, मारतात, चिखल फासतात, पिंजऱ्यात घालतात. नंतर खटला. आरोप असा की, हे लोक व्यापाराला विघ्न आणतात आणि गावात फूट पाडतात. न्यायाधीशाचे नाव सुजनद्वेषी. साक्षीदार तीन : मत्सर, अंधश्रद्धा आणि चहाडखोर. यांपैकी चहाडखोराची साक्ष मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याची तक्रार देवाधर्माविषयी नाही. या माणसाने गावातल्या बड्या लोकांचा, उमराव विलासी, उमराव कामासक्त, सर लोभी यांचा उपमर्द केला अशी ती तक्रार आहे. ज्युरीत बसलेले आंधळे, आकसे, खोटे, क्रूर, प्रकाशद्वेष्टे असे बाराजण एकमताने निकाल देतात आणि विश्वासूला जाळून मारतात.

'गावात फूट पाडली' हा आरोप वाचून आपल्याकडच्या किती तक्रारअर्जांची, किती ग्रामसभांच्या ठरावांची आठवण होते! पाणवठ्यावर गेला तो फूट पाडतो, मेलेले ढोर ओढायला नकार दिला तो फूट पाडतो, वरातीत घोड्यावर बसला तोही फूट पाडतो. व्यवस्था अबाधित असते तोवर गाव एकसंध असतो. प्रश्न विचारणारा आला की मग फूट पडते.

आणि नावे! रूपककथेवर आधुनिक समीक्षकांचा रोष आहे तो मुख्यतः या नावांमुळे. पात्राचे नाव मत्सर ठेवले की त्याला माणूस होता येत नाही, असा आक्षेप असतो. कोलरिजसारख्याने प्रतीकापुढे रूपकाला दुय्यम ठरवले तेव्हापासून हा आक्षेप आपल्या पाठ्यपुस्तकांतही उतरला आहे. त्यात तथ्य आहे. पण नाव देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न त्या समीक्षेला कधी पडलेला नाही. आम्हाला तो पडतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणाचे नाव कसे असावे याची व्यवस्था सांगितली आहे. ब्राह्मणाचे मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे तिरस्कारवाचक. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यातलाच हा नियम. तो नियम गावोगाव किती निष्ठेने पाळला गेला हे आमच्या आज्यापणज्यांच्या नावांवरून कळते. आणि ज्यांची नावे बरी होती त्यांनाही हाक मारताना ती मोडूनच मारली जात असे. आता बन्यनने काय केले ते पाहा. तिरस्कृत दर्जाच्या घरात जन्मलेल्या त्याने लेखणी हाती घेतली आणि तिरस्कारवाचक नावे न्यायाधीशांना, उमरावांना, पाद्र्यांना वाटून टाकली. नामकरणाचा जो अधिकार वरून खाली वाहत होता तो त्याने उलटा फिरवला. हे मी रूपकतंत्राचे कौतुक म्हणून सांगत नाही. हा सूड आहे, आणि तो अतिशय खुसखुशीत इंग्रजीत घेतलेला आहे.

त्याच्या विनोदाचा एक नमुना द्यावासा वाटतो. आडहेतू नावाचे एक गृहस्थ वाटेत भेटतात. राहणार गोडबोलपूर. नातेवाईक सगळे प्रतिष्ठित : श्रीमंत फिरतोंडे, काळानुवर्ती, दोन्हीकडेपाहे आणि गावचा पाद्री दुतोंड्या. पणजोबा नावाडी होते. तोंड एकीकडे करून नाव दुसरीकडे हाकण्याच्या त्याच धंद्यावर या पणतूने इस्टेट केली. या गृहस्थांना धर्म आवडतो, पण तो रुपेरी सपाता घालून उन्हात फिरायला निघाला असेल आणि रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवत असतील तेव्हा. चळवळीच्या पडत्या काळात कोठेच न दिसलेले आणि पुतळ्याच्या अनावरणाला पहिल्या रांगेत बसलेले आडहेतू आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते फक्त दुसऱ्यांतच असतात असे मात्र समजू नये.

या ग्रंथाचा खालच्या थरातल्या वाचकांवर झालेला परिणाम हा काही माझा कल्पनाविलास नाही. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६३ सालच्या इंग्रज कामगारवर्गाच्या इतिहासात टॉमस पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन'च्या जोडीला 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'ला बसवले आणि हे दोन कामगार चळवळीचे पायाभूत ग्रंथ मानले. आफ्रिकेतल्या भाषांतरांचा अभ्यास इसाबेल हॉफमायर यांनी २००४ सालच्या आपल्या पुस्तकात केला आहे. त्यातून दिसते ते असे की, तिकडच्या काळ्या वाचकांनी मिशनऱ्यांनी दिलेले पुस्तक जसेच्या तसे गिळले नाही. मूळ पापाच्या सिद्धांताला त्यांनी फारशी किंमत दिली नाही. त्यांचे लक्ष गेले ते ख्रिश्चनला वाटेत मिळालेल्या गुंडाळीकडे, म्हणजे दिव्यनगराच्या वेशीवर दाखवायच्या कागदाकडे. जेथे शाळेचा दाखला आणि फिरण्याचा पास यांवर माणसाचे आयुष्य ठरत होते, तेथे हा कागद रूपक राहिला नाही.

आपल्यालाही तो रूपक वाटू नये. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी अज्ञान नावाचा एक तरुण नदी ओलांडून वेशीपर्यंत पोहोचतो. त्याच्याजवळ कागद नसतो. त्याचे हातपाय बांधून त्याला डोंगरातल्या एका भोकातून नरकात ढकलून देतात. स्वर्गाच्या वेशीवरूनही नरकाला एक वाट जाते, हे पाहून निवेदक जागा होतो आणि पहिला भाग संपतो. कागदाच्या या प्रश्नाला आपल्याकडे एक विचित्र उत्तरार्ध आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मार्गाने ख्रिस्ती झालेली कितीतरी महार, मांग कुटुंबे आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा कागद हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित वेशीबाहेरच आहेत. ज्याच्या धर्मात हा ग्रंथ आहे त्याच्याजवळच कागद नाही!

मराठीत हा ग्रंथ फार लवकर आला. हरि केशवजींनी केलेले 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर १८४१ चे. बाबा पद्मनजींचे 'यमुनापर्यटन' त्यानंतर सोळा वर्षांनी, १८५७ साली निघाले. म्हणजे मराठी कादंबरीच्या जन्माआधीच्या अंधुक काळात ही यात्रा मराठीत उभी आहे. परंतु यात्रिक हा शब्द मराठीत आला की त्याच्या मागोमाग पंढरीची वाट येते, आणि पंढरीची वाट आली की चोखोबा येतो. बन्यनच्या यात्रिकाला पहिल्या दारापाशी द्वारपाल हात धरून आत ओढून घेतो, कारण शेजारच्या गढीतून शत्रू बाण मारत असतात. चोखोबाची यात्रा पायरीशी थांबली. त्याची समाधीही तेथेच आहे. ते दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. तोवर ज्यांच्यासाठी उघडायचे त्यांच्यातल्या पुष्कळांनी त्या दाराचा नाद सोडून दिला होता.

म्हणून मला या ग्रंथातला निघण्याचा क्षण महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सर्वांत अवघडही वाटतो. ख्रिश्चन घर सोडतो तेव्हा बायकोमुले त्याला हाका मारतात. तो कानांत बोटे घालून पळत सुटतो. हे दृश्य वर्गात शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आणि त्याच्या बायकोचं काय झालं?" टीकाग्रंथांनी या प्रश्नावर बरीच शाई खर्च केली आहे : आत्म्याचा प्रवास एकट्याचाच असतो वगैरे. माझे त्या उत्तराने समाधान होत नाही. शिकून गावाबाहेर पडलेल्या आमच्या पहिल्या पिढीला हे दृश्य टोचते. नाशनगर सोडलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला जी घोषणा झाली ती नाशनगर सोडण्याचीच होती, आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबईत 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात त्या वाटेचा नकाशाही मांडला गेला. पण बाबासाहेबांनी कानांत बोटे घातली नाहीत. घोषणेपासून दीक्षेपर्यंत एकवीस वर्षे ते लोकांशी बोलत राहिले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात उभे राहिले ते लाखोंच्या बरोबर. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आग्रा येथील भाषणात त्यांनी शिकलेल्या लोकांविषयीची व्यथा बोलून दाखवली होती. कानांत बोटे घालून पळालेल्यांविषयीचीच ती व्यथा होती, असे मी समजतो. बदलीच्या गावी वसाहतीत घर घेतलेला, आडनाव बदललेला, गावाकडून आलेल्या माणसाला दारातूनच वाटे लावणारा आमचा सुशिक्षित हा ख्रिश्चनचा पहिल्या पानावरचा अवतार आहे.

तथापि बन्यनने त्याला तसा राहू दिलेला नाही. एकट्या आत्म्याचे महाकाव्य म्हणून ज्याची ख्याती, त्या ग्रंथात ख्रिश्चन एकट्याच्या बळावर जवळजवळ कोठेच तरत नाही. दलदलीतून त्याला साह्य नावाचा माणूस वर ओढतो. विश्वासूला जाळल्यावर आशावान त्याच जत्रेतून उठून त्याच्याबरोबर निघतो. अखेरच्या नदीत ख्रिश्चन बुडू लागतो तेव्हा आशावान त्याचे डोके पाण्यावर धरून ठेवतो. आणि संशयाच्या किल्ल्यातला प्रसंग तर नीट वाचलाच पाहिजे. दोघेही वाट चुकून नैराश्य नावाच्या राक्षसाच्या जमिनीत शिरतात. राक्षसाचा पहिला आरोप काय, तर माझ्या हद्दीत पाऊल का ठेवलेत? अगदी जमीनदाराची भाषा. मग अंधारकोठडी, उपासमार, दांडक्याने मार. नंतर राक्षस त्यांना सल्ला देतो : सुरी घ्या, दोर घ्या, विष घ्या, स्वतःला संपवा, अशा जगण्यात काय अर्थ आहे? ख्रिश्चन तयार होतो.

हे वाचताना आज कोणत्या कोठड्या डोळ्यांसमोर येतात ते सांगायला नको. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. तो पहिला नव्हता, शेवटचाही ठरला नाही. अशा वेळी आपल्याकडचे शहाणे लोक समुपदेशनाची भाषा बोलतात. ती भाषा बन्यनच्या किल्लीसारखी आहे. कारण पुढे ख्रिश्चनला एकाएकी आठवते की वचन नावाची किल्ली आपल्या छातीशीच होती, आणि तो दारे उघडून बाहेर येतो. किल्ली तुझ्याच छातीशी आहे, हे कोठडीतल्या मुलाला सांगणे म्हणजे दुसऱ्या शब्दांत ओझे तुझेच आहे असे सांगणे होय. कोंडणाऱ्याचा उल्लेखही त्यात येत नाही. पण त्या किल्लीच्या आधीची पाने बहुतेक वाचक घाईने उलटतात. ख्रिश्चन मरायला तयार झाला असताना रात्रंदिवस त्याच्याशी बोलत कोण बसला होता? आशावान. तो काही मोठे तत्त्वज्ञान सांगत नाही. आजवर कुठून कुठून वाचून आलास ते आठव म्हणतो. राक्षसालाही कधी आकडी येते, कधी तो कुलूप लावायला विसरेल म्हणतो. आणखी थोडे थांब म्हणतो. किल्ली सापडेपर्यंत ख्रिश्चनला जिवंत ठेवतो तो हा शेजारी.

दुसऱ्या भागात बन्यनने माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, आणि दुर्दैवाने तो भाग कोणी वाचत नाही. अभ्यासक्रमात तो नसतो. समीक्षक त्याला पातळ, घरगुती म्हणून बाजूला सारतात. त्यात मागे राहिलेली बायको ख्रिस्तियाना चार मुलांना घेऊन निघते. शेजारची दया नावाची मुलगी बरोबर येते. महाहृदय नावाचा वाटाड्या मिळतो. हळूहळू माणसे वाढत जातात, आणि ती कशी? कुबड्यांवर चालणारा अडखळे, कशालाही भिणारा दुबळमन. दुबळमन म्हणतो, तुम्ही पुढे व्हा, मी तुम्हाला ओझे होईन. येथे ओझे हा शब्द पुन्हा आला आहे आणि त्याचा अर्थ पालटला आहे. महाहृदय त्याला सांगतो की, आम्ही थांबू, तुझ्या पावलाने चालू. अडखळे आपल्या दोन कुबड्यांतली एक त्याला देऊ करतो. पुढे हा सारा तांडा संशयाच्या किल्ल्यापाशी येतो. पहिल्या भागात किल्ली मिळाल्यावर ख्रिश्चन पळून गेला होता. किल्ला आणि राक्षस जागेवरच राहिले होते. दुसऱ्या भागात महाहृदय आणि मुले जाऊन राक्षसाला मारतात आणि सात दिवस खपून तो किल्ला पाडतात. आत कोंडलेला एक म्हातारा आणि त्याची भित्री मुलगी जिवंत सापडतात. मग वाद्ये वाजतात आणि अडखळे त्या मुलीचा हात धरून, एका हातात कुबडी घेऊन, रस्त्यात नाचतो. सगळ्या इंग्रजी धार्मिक वाङ्मयात मला याच्या तोडीचे दृश्य आठवत नाही.

या भागालाही मर्यादा आहेत आणि त्या झाकू नयेत. बायकांना पुरुष वाटाड्याशिवाय चालता येत नाही, हे बन्यनने गृहीत धरले आहे. स्त्रियांनी स्वतंत्रपणे प्रार्थनेसाठी जमावे याला त्याने १६८३ साली लेखी विरोध केला. जिची बायको न्यायाधीशांपुढे एकटी उभी राहिली त्या घरातला हा माणूस! त्याहून वाईट म्हणजे, याच भागात मूर्ख लोक एका हबशाला धुऊन गोरा करू पाहतात असे एक दृश्य आहे. जितके धुवावे तितका तो काळा, आणि हे पापी माणसाचे रूपक म्हणून दाखवलेले. पहिल्या भागातला खुशामत्याही काळ्या कातडीवर शुभ्र झगा घातलेला आहे. ज्याने उमरावांची नावे उलटवली त्याला रंगाची उतरंड उलटवता आली नाही. कातडीचा अर्थ पाप असा लावणारे रूपक कोणत्याही श्रद्धेच्या नावाखाली आपल्याला चालणार नाही.

मराठीत कोणी हा ग्रंथ नव्याने आणणार असेल तर माझी एवढीच सूचना राहील की, दुसरा भाग गाळू नये. नावे संस्कृतात नकोत, कोर्टकचेरीच्या आणि बाजाराच्या मराठीत हवीत. आणि भाषांतरकाराने हबशाचे दृश्य सौम्य करू नये, जसे आहे तसे ठेवावे. शेवटही मुळाबरहुकूम ठेवावा. एकेक करून निरोप येतात. अडखळे आपल्या कुबड्या मुलाच्या नावे करून नदीत उतरतो. ख्रिस्तियानाही जाते. पण तिची चार मुले, त्यांच्या बायका आणि नातवंडे नदीच्या अलीकडेच राहतात, आणि ती अजून तेथे जिवंत आहेत असे आपण ऐकल्याचे निवेदक सांगतो.